एअरबॅगचा दिवा विझत का नाही?

मोटारीची किल्ली फिरवली की चालकासमोरच्या पट्टीवर दिव्यांची एक रांग उजळते. बॅटरी, तेल, हँडब्रेक, इंजिन, आणि त्यांच्यातच एक लहानसं चित्र असतं: बसलेला माणूस आणि त्याच्या छातीसमोर एक मोठा गोल. हा एअरबॅगचा दिवा. पाच-सहा सेकंदांनी तो आपोआप विझतो. विझायला हवा. आता समजा, तो विझलाच नाही. गाडी चालू झाली, गिअर पडला, गाव मागे गेलं, तरी दिवा आपला लागलेलाच. गाडीच्या चालण्यात तर काहीच फरक नाही. मग या दिव्याचं काय करायचं?

हा प्रश्न मला टेंभुर्णीच्या एका विज्ञानशिक्षकांनी विचारला. (पुणे-सोलापूर रस्त्यावरचं टेंभुर्णी नव्हे; हे जालना जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यात आहे.) त्यांनी जुनी मोटार घेतली होती आणि चार महिने हा दिवा जळत होता. एका गॅरेजवाल्याने रात्रभर बॅटरीची तार काढून ठेवायला सांगितली. सकाळी तार जोडली, दिवा पुन्हा हजर. दुसऱ्याने सांगितलं, "सर, कशाला एवढी काळजी करता? एक छोटा रेझिस्टर लावून देतो, दिवा गेला म्हणून समजा." सरांना हे पटलं नाही, पण चूक कुठे आहे तेही सांगता येईना. त्यांचा प्रश्न असा होता: एका साध्या रोधाने दिवा विझत असेल, तर तो दिवा नेमकं काय मोजत होता?

प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर दहावीच्या पुस्तकातल्या ओहमच्या नियमात बरंचसं सापडतं. पण त्याआधी दुसरा एक प्रश्न मुलांना विचारून पाहा. काडेपेटीतली एखादी काडी पेटेल की नाही, हे ती न पेटवता कसं ओळखायचं?

एअरबॅगची अडचण हीच आहे. ब्रेक आपण दिवसातून शंभर वेळा वापरतो, त्यामुळे ब्रेक बिघडला की कळतं. हॉर्न वाजला नाही तरी लगेच कळतं. एअरबॅग मात्र गाडीच्या सगळ्या आयुष्यात बहुधा एकदाही वापरली जात नाही, आणि वापरली तर ती एकदाच. फुगवून पाहिली की संपली. तेव्हा ती ठीक आहे की नाही हे आडवाटेनेच तपासावं लागतं.

आधी तिचं काम समजून घेऊ. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. या वेगाने गाडी भिंतीवर आदळली, तर पुढचा भाग चेपत चेपत साधारण ६० सेंटीमीटर अंतरात ती थांबते. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, हे सूत्र वापरून मंदन काढलं तर ते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १६ पट येतं. या सगळ्याला वेळ लागतो सेकंदाच्या बाराव्या भागाएवढा. पण आतला माणूस गाडीला जोडलेला नसेल तर तो त्याच १४ मीटर वेगाने पुढे जात राहतो आणि स्टेअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर आदळतो. तिथे त्याचं डोकं जेमतेम पाच सेंटीमीटरमध्ये थांबतं. आता तेच सूत्र वापरा: मंदन जवळजवळ २०० पट! एअरबॅग असेल आणि डोकं तीस सेंटीमीटर अंतरात थांबलं, तर हाच आकडा ३३ पटीवर येतो. गणित ढोबळ आहे, पण मुद्दा त्यात आला. एअरबॅग थांबण्याचं अंतर वाढवते, आणि शिवाय तो दाब चेहऱ्यावर आणि छातीवर पसरवते.

हे घडायला वेळ मात्र अगदीच थोडा असतो. डोकं पुढे येण्याच्या आत पिशवी भरलेली हवी. म्हणजे धडक ओळखून निर्णय घेणं आणि पन्नास-साठ लिटरची पिशवी फुगवणं, हे सगळं सेकंदाच्या विसाव्या भागात व्हायला हवं. पापणी लवायलाही याच्या निदान दुप्पट वेळ लागतो. जॉन हेट्रिक या अमेरिकी माणसाला १९५३ साली अशा पिशवीचं पेटंट मिळालं होतं. त्याच्या योजनेत दाबाखाली साठवलेली हवा वापरायची होती. ती पुरेशा वेगाने पिशवीत शिरणं अवघड होतं. पुढे सुटका झाली ती रसायनशास्त्रामुळे. सोडियम अझाइड या पांढऱ्या पदार्थाचं झटक्यात विघटन होऊन नायट्रोजन वायू सुटतो. मुलांना हिशोब करायला द्या: ६० लिटर नायट्रोजनसाठी या पदार्थाचे किती ग्रॅम लागतील? उत्तर शंभर ग्रॅमच्या थोडं वर येतं. म्हणजे मूठभर! सोडियम अझाइड विषारी असल्याने हल्ली त्याच्या जागी ग्वानिडिन नायट्रेटसारखे पदार्थ वापरतात, पण तत्त्व तेच. 'हवेची पिशवी' हे नाव त्यामुळे तसं फसवंच आहे. आत हवा नसते, तर जळणाऱ्या गोळ्यांतून निघालेला गरम वायू असतो.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ साल संपेपर्यंत शेजारच्या आसनासाठीही. त्यामुळे आज वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात जी गाडी येते तिच्यात बहुधा हा दिवा असतोच. आणि आता त्या गाड्यांची वयंही वाढू लागली आहेत.

या मूठभर गोळ्या पेटवणारी 'काडी' कशी असते ते पाहू. तिच्यात केसासारखी बारीक तार असते आणि तारेला चिकटून चटकन पेटणारा थोडासा पदार्थ. तारेचा रोध साधारण २ ओहम. तिच्यातून सुमारे १.२ अँपिअर धारा सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरती गेली की ती तापते, पदार्थ पेटतो, गोळ्या पेटतात. धारा ०.४ अँपिअरच्या आत असेल तर ती काही सेकंद वाहूनही पेट घेत नाही. या दोन आकड्यांमधलं अंतर मुद्दाम राखलेलं आहे.

आता काडी न पेटवता तपासायची युक्ती ध्यानात येईल. गाडी चालू असताना एअरबॅगचा नियंत्रक, म्हणजे बहुधा गिअरच्या आसपास खाली बसवलेला एक छोटा संगणक, या तारेतून अगदी थोडी धारा सोडून पाहतो. समजा ती ४० मिलिअँपिअर आहे. २ ओहम गुणिले ०.०४ अँपिअर म्हणजे ८० मिलिव्होल्ट. तारेच्या दोन टोकांत एवढं विभवांतर मिळालं की नियंत्रकाला कळतं, काडीची तार शाबूत आहे. काहीच धारा वाहिली नाही तर तार तुटलेली. विभवांतर फार कमी भरलं तर कुठेतरी शॉर्ट. आणि ८० ऐवजी २०० मिलिव्होल्ट भरले तर वाटेत कुठेतरी तीन ओहमचा फाजील रोध शिरलाय. यातलं काहीही आढळलं की नियंत्रक दिवा लावतो. हे गाडी चालू असेपर्यंत सतत चाललेलं असतं.

हा प्रयोग वर्गात खऱ्या एअरबॅगशिवाय करता येतो. भांडी घासायच्या स्टीलच्या घासणीतला एक तंतू ओढून सरळ करा आणि त्याचा तीन सेंटीमीटर लांबीचा तुकडा दोन क्लिपांमध्ये ताणून धरा. त्याचा रोध एक-दोन ओहमच्या घरात भरतो. तंतूवर मेणबत्तीच्या मेणाचा एक कण ठेवा. टॉर्चचे दोन सेल, १०० ओहमचा रोध आणि हा तंतू अशी एकसर जोडणी करा. धारा वाहील सुमारे ३० मिलिअँपिअर. मेणाला काहीच होणार नाही. मात्र मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून तंतूच्या टोकांना लावलात तर चाळीस-पन्नासच्या आसपास आकडा दिसेल. तंतू 'आहे' हे तो न तापवता कळलं. आता १०० ओहमचा रोध काढून टाका आणि सेल थेट जोडा. धारा अँपिअरभर होते, मेण वितळतं, तंतूला हात लावला तर चटका बसेल. धारा चाळीसपट झाली की उष्णता सोळाशेपट होते. धारेच्या वर्गाचा नियम फळ्यावर सांगून जेवढा पटत नाही तेवढा इथे पटतो. नंतर पुन्हा १०० ओहम लावा आणि तंतूच्या शेजारी, एकसरच, दोन गंजक्या खिळ्यांचा एकमेकांना टेकलेला सांधा घाला. मीटर आता तंतू आणि सांधा दोन्ही मिळून जोडा. आकडा उडी घेतो, खिळा हलवला की बदलतो, कधी मधेच खाली येतो. गाडीतला 'लूज काँटॅक्ट' म्हणजे हेच.

खऱ्या एअरबॅगला मात्र मल्टिमीटर कधीही लावायचा नाही. मीटरची धारा बहुधा पुरेशी नसते हे खरं, पण चुकीची रेंज, चुकीची तार, अंगावरची स्थिर विद्युत, यांपैकी एखादी गोष्टही पुरते. आणि ती पिशवी ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर वेगाने तोंडावर येते.

तर हा फाजील रोध येतो कुठून? पिशवी आणि गोळ्या सहसा बिघडत नाहीत. बिघडतात ते सांधे. एअरबॅगच्या तारांचे कपलर पिवळ्या रंगाचे असतात, ते याचसाठी की मेकॅनिकने जपून हात लावावा. स्टेअरिंग फिरत राहतं, पण एअरबॅग तर त्याच्या पोटात; मग तिथवर तार नेणार कशी? त्यासाठी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी असते. गॅरेजात तिला क्लॉक स्प्रिंगच म्हणतात. वर्षानुवर्षं ती उलगडते आणि गुंडाळते, शेवटी कुठेतरी तडकते. एअरबॅगचा दिवा लागला आणि त्याच सुमारास हॉर्न किंवा स्टेअरिंगवरची बटणंही बंद पडली, तर संशय इथे घ्यावा, कारण त्यांच्या ताराही याच पट्टीतून जातात.

दुसरी जागा पुढच्या आसनांखालची. धडकेच्या क्षणी सीटबेल्ट अंगाशी खेचून घट्ट करणारा एक भाग असतो, प्रिटेन्शनर. त्यातही अशीच काडी आणि असेच गोळे असतात, आणि त्याचीही राखण हाच दिवा करतो. काही गाड्यांत त्याच्या तारा, पट्टा लावला की नाही हे सांगणाऱ्या तारा, बाजूच्या एअरबॅगच्या तारा, सगळ्या आसनाखालून जातात. आसन पुढे-मागे सरकतं, खाली धूळ साचते, मागे बसणाऱ्याचे पाय लागतात, पाण्याच्या बाटल्या घरंगळतात. शेताकडेला गाडी उभी राहत असेल तर उंदीरही आत शिरून वायर कुरतडतात. बॅटरी फार उतरली तरी काही गाड्यांत हा दिवा लागतो.

टेंभुर्णीच्या सरांना मी सांगितलं की एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर जिथे असेल अशा ठिकाणी गाडी न्या. हे मुद्दाम सांगावं लागतं. बाजारात मिळणारे स्वस्त स्कॅनर पुष्कळदा फक्त इंजिनाशी बोलतात. एअरबॅगच्या नियंत्रकाशी बोलणारं यंत्र वेगळं लागतं. जालन्यात कोड वाचला गेला. 'चालकाच्या बाजूचा प्रिटेन्शनर, रोध जास्त.' आसनाखालचा पिवळा कपलर अर्धवट बसलेला निघाला. गाडीला नवी सीट कव्हरं घातलेली होती. कव्हर घालताना आसन उचललं जातं, कपलर सुटतो, पुन्हा बसवताना 'टक्' आवाज येईपर्यंत दाबला जात नाही. सांधे साफ करून कपलर नीट बसवला, कोड पुसला, दिवा गेला.

कोड पुसावा का लागला? दोष दुरुस्त झाला तर दिवा आपोआप का जाऊ नये? काही गाड्यांत जातोही. पण पुष्कळ गाड्यांत नियंत्रक दोषाची नोंद करून ठेवतो आणि ती पुसेपर्यंत दिवा लागलेलाच राहतो. कधी तर दोष असा काही नसतोच: कपलर सुटलेला असताना कोणीतरी फक्त किल्ली फिरवून पाहिलेली असते, तेवढ्यानेही नोंद होते. आणि बॅटरीची तार काढून ही नोंद जात नाही. ती ज्या स्मृतीत असते तिथे विद्युतप्रभार अतिसूक्ष्म अशा विद्युतरोधक थरांच्या आत कोंडलेला असतो. बॅटरी असो वा नसो, तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. पेन ड्राइव्ह खिशात ठेवला म्हणून त्यातले फोटो पुसले जात नाहीत, तसंच हे. पहिल्या गॅरेजवाल्याचा उपाय या कारणाने फसला.

बॅटरी काढण्यावरून आणखी एक गोष्ट. धडकेत बॅटरीच चिरडली गेली तर? म्हणून नियंत्रकात एक धारित्र, म्हणजे कंडेन्सर, भरून ठेवलेलं असतं. समजा त्याचं मूल्य २२०० मायक्रोफॅरड आहे आणि ते २५ व्होल्टपर्यंत भरलंय. साठलेली ऊर्जा येते सुमारे ०.७ ज्यूल. काडी पेटवायला लागतात सहा हजारांश ज्यूल. म्हणजे बॅटरी सुटली तरी शंभर काड्या पेटवण्याइतकी पुंजी काही काळ तिथे शिल्लक असते. म्हणूनच माहितगार मेकॅनिक किल्ली बंद करतो, बॅटरीची तार काढतो आणि काही मिनिटं थांबतो. किती मिनिटं, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. लगेच स्टेअरिंगला पाना लावणारा मेकॅनिक दिसला तर आपण गाडी घेऊन दुसरीकडे जावं.

आता रेझिस्टरकडे येऊ. २ ओहमचा रोध हे मेकॅनिकचं एक प्रामाणिक साधनही आहे. एअरबॅगचा कपलर सोडून तिथे हा रोध लावायचा आणि पाहायचं. दोष नाहीसा झाला तर बिघाड एअरबॅगच्या काडीत आहे. राहिला तर तारांत. एवढं कळलं की रोध काढून घ्यायचा. गैरप्रकार सुरू होतो तो रोध तिथेच ठेवून दिल्यावर. वर्गात हजेरी चालू आहे, नाव पुकारलं की 'हजर' असा आवाजही येतो, पण बाकावर मुलगा नाही, असा हा मामला. नियंत्रकाला ८० मिलिव्होल्ट मिळतात, तो समाधानी होतो, दिवा विझतो. उद्या धडक झाली तर तो चोख हिशोबाने, अगदी वेळेवर, सव्वा अँपिअर धारा त्या रोधात सोडील. रोध तापेल. बाकी काही होणार नाही.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं. दिवा एअरबॅग मोजत नाही. तो एका तारेचा रोध मोजतो आणि त्यावरून एअरबॅग असल्याचा अंदाज करतो.

दिवा लागलेला असताना एअरबॅग उघडेल का? अनेक गाड्यांत अशा वेळी सगळीच व्यवस्था बंद ठेवली जाते, काहींत फक्त बिघडलेला भाग. बाहेरून ते कळत नाही. म्हणून दिवा जाईपर्यंत आपल्या गाडीत एअरबॅग नाहीच असं धरून चालावं. गाडी त्यामुळे रस्त्यात बंद पडणार नाही, जालन्यापर्यंत ती जाईल. सीटबेल्टही आपलं मुख्य काम करत राहतो: झटका बसला की त्याची चक्री अडकते ती यांत्रिक रचनेने, तिला वीज लागत नाही. पण असा दिवा घेऊन जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढणं मला शहाणपणाचं वाटत नाही. तिथे सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ६० च्या मानाने १२० ला गतिज ऊर्जा दुप्पट नाही, चौपट असते.

'एअरबॅग आहे, मग पट्टा कशाला?' असं म्हणणारे सुशिक्षित लोकही भेटतात. पट्टा नसेल तर धडकेच्या आधी ब्रेक लागतानाच माणूस पुढे सरकतो, आणि फुगत असलेली पिशवी त्याला वाटेतच गाठते. ती फुगून झाल्यावर उशी असते; फुगताना ती ठोसा असते. लहान मुलांच्या बाबतीत तर हे फारच गंभीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशी इथे पुढच्या आसनावर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यानंतर दगावला. मुलांची जागा मागच्या आसनावर, पट्ट्यासह. आणि मागे बसणाऱ्या मोठ्यांनाही पट्टा हवाच. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे वाचले, मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दोघेही गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी या दिव्याकडे उलट्या बाजूनेही पाहायला हवं. जळत राहणारा दिवा निदान खरं बोलत असतो. न लागणारा दिवा अधिक संशयास्पद. एखाद्या गाडीची एअरबॅग अपघातात उघडली, तर पिशव्या, नियंत्रक, प्रिटेन्शनर हे सगळं नवं घालावं लागतं. खर्च मोठा. मग झाकण चिकटवून दिव्याचा बल्बच काढला जातो, किंवा त्याची तार शेजारच्या दुसऱ्या दिव्याला जोडतात. गाडी पाहायला संध्याकाळी जा, म्हणजे दिवे स्पष्ट दिसतील. किल्ली फिरवा, पण इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे, काही सेकंद राहिला पाहिजे आणि एकट्याने विझला पाहिजे. मग इंजिन चालू करा. तेलाचा किंवा बॅटरीचा दिवा गेला त्याच क्षणी हाही जात असेल, तर कुणीतरी तो तिथे बांधून ठेवलेला असण्याची शक्यता आहे. रोधाची युक्ती मात्र अशी नजरेने पकडता येत नाही. त्यासाठी जाणकाराला गाडी दाखवणं भाग आहे.

त्या पाच-सहा सेकंदांत आत काय चालतं, तेही गमतीचं आहे. नियंत्रकात धडक ओळखणारा जो संवेदक असतो, त्यात सिलिकॉनवर कोरलेला एक सूक्ष्म कंगवा असतो. धक्का बसला की कंगव्याचे दात सरकतात, शेजारच्या दातांशी असलेलं त्यांचं अंतर बदलतं आणि त्यामुळे धारकता बदलते. असे संवेदक १९९० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर बनू लागले ते आधी एअरबॅगसाठीच. आपला मोबाइल आडवा केला की चित्र आडवं होतं, ते त्यांच्याच वंशजामुळे. किल्ली फिरवल्यावर नियंत्रक विद्युतबलाने हा कंगवा मुद्दाम ओढून पाहतो. धडक न होता धडकेची रंगीत तालीम! कंगवा हलला नाही, तरी दिवा विझत नाही.

एवढं सगळं तपासूनही काडेपेटीच्या कोड्याचं अर्धंच उत्तर आपल्या हाती आलेलं आहे. तार तपासता येते, संवेदक तपासता येतो. गुल तपासता येत नाही. गोळ्या कशा अवस्थेत आहेत हे कोणत्याही विद्युतधारेला विचारता येत नाही, आणि याची फार मोठी किंमत जगाने मोजली आहे. जपानच्या टकाटा कंपनीने आपल्या एअरबॅगांत अमोनियम नायट्रेट वापरलं. हा पदार्थ खतातला म्हणून आपल्याला परिचित आहे. ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि आकारमानही बदलतं. दिवसा तापणं, रात्री निवणं, आणि आत शिरलेला ओलावा, असं वर्षानुवर्षं चालल्यावर गोळ्या भुसभुशीत होतात. भुशीला जाळ लवकर लागतो आणि लाकडाला सावकाश, त्याच कारणाने या गोळ्या नको तितक्या वेगाने जळू लागल्या. वायूचा दाब वाढून धातूची कुपीच फुटायची आणि तिचे तुकडे चालकाच्या गळ्यात, चेहऱ्यात घुसायचे. वाचवणाऱ्या वस्तूनेच माणसं मारली. उष्ण आणि दमट प्रदेशांत हा धोका जास्त असल्याचं आढळलं. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख कुप्या परत मागवाव्या लागल्या आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडासह काही कंपन्यांनी अशा गाड्या परत बोलावून कुप्या बदलून दिल्या.

त्या गाड्यांमधला दिवा विझलेलाच होता. तार २ ओहमची होती, सांधे घट्ट होते, नियंत्रकाची काही तक्रार नव्हती.

हा दोष शोधायची वाट वेगळी आहे. गाडीच्या आरसी बुकावर १७ अक्षरांचा आणि अंकांचा चेसिस क्रमांक असतो. तो गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर भरला, किंवा तिच्या सर्व्हिस सेंटरला सांगितला, की त्या गाडीची एअरबॅग परत मागवलेल्यांपैकी आहे का आणि ती बदलून झाली आहे का, ते कळतं. जुन्या गाडीचा मालक बदलला की कंपनीची पत्रं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जात राहतात. म्हणून वापरलेली गाडी घेणाऱ्याने ही चौकशी स्वतः करायची. एअरबॅग बदलायची राहिली असेल तर कंपनी ती विनामूल्य बदलून देते.